ताईचं रक्त, आईचं ताट

आमच्या घरात ताटं भरपूर होती, पण आईनं स्वतःसाठी ताट घेतलेलं मला लहानपणी कधी आठवत नाही. तात्या जेवून उठले की ती त्यांच्याच ताटात बसायची. तात्याही ताट कधी चाटूनपुसून साफ करत नसत. चतकोर भाकरी, वाटीतळाची आमटी, भाजलेल्या मिरचीचा अर्धा तुकडा, असं काहीतरी मुद्दाम मागं ठेवून ते उठायचे आणि आई त्यातच आपलं वाढून घ्यायची. कॉलेजात जायला लागल्यावर मला या गोष्टीचा भारी राग यायचा. शिकलेल्या पोरींच्या आया असं नवऱ्याच्या उष्ट्यात जेवत नाहीत, असं मी तिला एकदा ऐकवलं. भाकरी थापता थापता माझ्याकडं न बघताच ती म्हणाली, "तू शिक की गं. मला एक ताट कमी घासाय लागतंय, त्ये बघ." यावर काय बोलायचं ते कॉलेजात शिकवत नव्हते.

आई तात्यांच्या सख्ख्या मामाची मुलगी. आमच्या साताऱ्याकडं मामाच्या मुलीवर पहिला हक्क भाच्याचा, आणि ज्यानं तो सोडला त्याला सगळी भावकी वर्षानुवर्षं टोमणे मारते. माझी आजीही तशीच आपल्या आतेभावाला दिलेली. तिच्याही मागं तसंच चालत आलेलं असणार. बाहेरची सोयरीक कशाला, घरचं घरात राहतंय, असा साधा हिशेब. आई आपल्या सासूला शेवटपर्यंत आत्याच म्हणायची. लहानपणी ती तात्यांना बाळ्या म्हणून हाक मारायची आणि तात्यांनी एकदा तिला ओढ्यात ढकलून दिलं होतं, हे ती आम्हाला रंगवून सांगायची. तात्या घरात असले की पदर तोंडाला लावून सांगायची, पण सांगायची जरूर. तात्या खोटं खोटं रागावून म्हणायचे, "ढकलली तवाच सुटका करून घ्यायची व्हती." मग दोघंही हसायची. माझ्या आईवडलांचं एकमेकांवर प्रेम होतं की नाही हा प्रश्न मला तेव्हा कधी पडला नाही. ती दोघं एकाच ताटात जेवत होती.

कोपरखैरण्यात आमचं बैठं घर होतं, भिंतीला भिंत लागून असलेल्या रांगेतलं. पलीकडच्या घरात कुणी खोकलं तर आमच्याकडं पाणी पुढं करावं इतकं जवळ. अख्खी गल्ली साताऱ्याची, बहुतेक सगळे पुरुष वाशीच्या मार्केटात माथाडी. पहाटे गल्लीत चपला वाजायच्या, स्टोव्हला पंप मारल्याचे आवाज यायचे, मग एकदम शांत व्हायचं आणि दुपारी दोनच्या सुमाराला माणसं कांद्याचा वास घेऊन परत यायची. तात्या कांदा-बटाटा मार्केटात होते. त्यांच्या बंडीला, टॉवेलला, केसांना तो वास कायमचा लागलेला होता. आंघोळ करून आले तरी थोडा उरायचाच. संध्याकाळी वारा फिरला की औद्योगिक पट्ट्यातल्या कारखान्यांचा आंबूस वास यायचा आणि त्यामागून खाडीच्या चिखलाचा. मला आजही कांद्याची पोती उतरवताना दिसली की मी जरा वेळ तिथंच उभी राहते, आणि माझी सून मला हाताला धरून पुढं नेते.

एकदा मार्केटात रक्तदानाचं शिबिर झालं. टोळीतल्या सगळ्यांनी रक्त दिलं, तात्यांनीही दिलं आणि त्यांना कळलं की आपला गट एबी. तिथल्या माणसानं सांगितलं की तुम्हाला कुणाचंही रक्त चालेल, तुमचं मात्र फक्त तुमच्याच गटाच्या माणसाला चालेल. टोळीच्या मुकादमानं तेवढंच धरलं. "म्हंजी घ्यायाला समद्यांचं, आन् द्यायाला कुनालाच न्हाई. आमाला ह्ये आधीच ठावं व्हतं." तात्यांनी ही गोष्ट घरी येऊन स्वतःच सांगितली आणि आलेल्या-गेलेल्या प्रत्येकाला सांगितली. आपल्याला काहीतरी खास मिळालंय असं त्यांना वाटत होतं. ताईच्या लग्नात व्याह्यांनाही त्यांनी ती सांगितली होती आणि दाजी, म्हणजे ताईचे नवरे, मोठ्यानं हसले होते.

दाजी बीएस्सी झालेले. तळोज्याला एका केमिकलच्या कारखान्यात लॅबमध्ये नोकरी. आमच्या गल्लीत बीएस्सी जावई फक्त आमच्याकडं होता, त्यामुळं ते यायचे तेव्हा आई दारातली रांगोळी मोठी काढायची. माणूस वाईट नव्हता. कमी बोलायचे, चहा बशीत न ओतता प्यायचे, आणि जे पुस्तकात आहे ते खरं असं मानून चालायचे. ताई त्यांना फार जपायची. शालन तिचं नाव. माझ्याहून चार वर्षांनी मोठी, अंगानं किरकोळ, रंगानं गोरी नव्हे तर फिकी. लहानपणापासून तिला पाटीवरच्या पेन्सिली खायची सवय होती. आई मारायची, मी चुगली करायची, तरी तिच्या उशीखाली पेन्सिलीचे तुकडे सापडायचेच. अंगात रक्त कमी असलं की असली खाखा सुटते हे आम्हाला कोण सांगणार? आम्ही तिला खादाड म्हणायचो.

पहिल्या बाळंतपणाला ती माहेरी आली तेव्हा उशीखाली पुन्हा पेन्सिली आल्या. आईनं या वेळी मारलं नाही. तिनं अळिवाची खीर केली, बीट किसलं, काळे खजूर आणले, गुळाबरोबर शेंगदाणे भाजून डबा भरून ठेवला. कोपरखैरणे गावातली हिराबाई आमच्या दारावर मासळी घेऊन यायची, ती ताईच्या डोळ्यांच्या पापण्या खाली ओढून बघून म्हणाली, "पोरीला चिंबोऱ्यांचा रस पाज गो, रगत वारंल तिचा." आई माळकरी, घरात मासळी शिजायची नाही, तरी आईनं रक्त वाढवणारा तो खेकड्यांचा रस हिराबाईच्याच घरी करवून घेतला आणि ताईला तिथं नेऊन पाजला. तात्यांना कळलं तर काय म्हणतील, असं मी विचारलं. "काय म्हनत्यात? पोर त्येंचीबी हाय न्हवं," ती म्हणाली. हे वाक्य माझ्या लक्षात राहिलं ते पुढं जे झालं त्यामुळं.

आठवा संपता संपता, सकाळी तांदूळ निवडत बसली असताना ताईचं लुगडं रक्तानं भिजलं. दुखत काहीच नव्हतं. ती नुसती बसल्या जागी ओली झाली आणि सुपातल्या तांदळावर हात तसाच ठेवून आईकडं बघत राहिली. शेजारच्या टेम्पोत घालून आम्ही तिला वाशीला दवाखान्यात नेलं. रक्त तेवढ्यापुरतं थांबलं. डॉक्टरीणबाईंनी सांगितलं की वार खाली, पिशवीच्या तोंडावर बसलीय. पोट उघडूनच मूल काढावं लागेल, आणि रक्त पुष्कळ जाईल. हिच्या अंगात मुळात रक्त नाही, तेव्हा बाटल्या हाताशी असल्याशिवाय मी सुरी लावणार नाही. पुन्हा केव्हा सुरू होईल ते सांगता येत नाही, त्याच्या आत रक्त आणा. तिचा गट ओ.

ओ म्हटल्यावर तात्यांना हायसं वाटलं. टोळीत ओवाले पुष्कळ होते. दुसऱ्या दिवशी माल उतरवून झाल्यावर अख्खी टोळी मार्केटातून तशीच दवाखान्यात आली. खांद्यावर हूक, डोक्याला टॉवेल, अंगाला कांद्याच्या सालींचा चुरा. मुकादम सगळ्यांच्या पुढं. रक्तपेढीच्या बाहेर बाकं अपुरी पडली तेव्हा ते भिंतीला टेकून खाली बसले आणि शिपाई त्यांना उठवायला आला तर मुकादम म्हणाला, "आरं, रगत द्याया आलोय, घ्याया न्हाई." एकेकाच्या रक्ताचा थेंब ताईच्या रक्ताशी लावून बघितला. कुणाचंच जुळेना. गट तोच, पण एकत्र केलं की दह्यासारख्या गुठळ्या. मग आमच्या गल्लीतले आले, दाजींच्या कारखान्यातले आले. त्यांचंही तेच. आतून तपासणाऱ्या बाई यायच्या आणि मान हलवायच्या. मुकादम शेवटी माझ्याजवळ येऊन हळूच म्हणाला, "सुमन, आमच्यात काय खोट निघाली का गं?" एवढा दांडगा माणूस, पण त्याला अपमान झाल्यासारखं झालं होतं. रक्तपेढीनं ताईचा नमुना मुंबईला मोठ्या ठिकाणी तपासायला पाठवतो म्हणून सांगितलं आणि सगळे पांगले.

त्या दुपारी व्हरांड्यात आम्ही चौघंच उरलो. तात्या, दाजी, मी, आणि वॉर्डाच्या दाराशी डबा घेऊन उभी असलेली आई. दाजींनी विचारलं, अगदी सहज, कारखान्यात एखाद्या नळीतला रंग का बदलला ते विचारावं तसं. "मामा, तुमचा ग्रुप एबी ना?"

"व्हय की. घ्यायाला समद्यांचं," तात्या सवयीनं म्हणाले.

"मग शालनचा ओ कसा?"

"म्हंजी?"

"एबी बापाला ओ मूल होत नाय. आई कुठल्याबी ग्रुपची असू दे. आमाला शिकवलंय ते. कायतरी गडबड हाय."

गडबड म्हणजे त्यांच्या मनात काय होतं, ते मी त्यांना पुढं कितीतरी वर्षांनी विचारलं. ते म्हणाले की तपासणीत चूक झाली असेल एवढंच मला म्हणायचं होतं. असेलही. पण वाक्य तोंडातून सुटलं आणि तात्यांचा चेहरा हळूहळू बदलत गेला. आधी त्यांना कळलंच नाही. मग कळलं. त्यांनी मान वळवून आईकडं बघितलं आणि लगेच नजर काढून घेतली. आईनं ते बघितलं. ती डबा घेऊन आत गेली आणि ताईच्या केसांचा गुंता सोडवत बसली.

पुढच्या दिवशी तात्या घरी जेवायला आले तेव्हा त्यांच्या डाव्या हाताच्या बोटाला चिकटपट्टी होती. हुकानं लागलं असेल असं मला वाटलं. आईनं मात्र ती बघितली आणि बघतच राहिली, कारण दवाखान्यात त्या दोन दिवसांत आम्ही तसल्या पट्ट्या पुष्कळ बघितल्या होत्या. तात्या नाक्यावरच्या लॅबमध्ये जाऊन आपला गट पुन्हा तपासून आले होते. आधीचं चुकीचं निघावं म्हणून गेले होते, असं ते नंतर म्हणाले. तसं निघालं नव्हतं.

आईनं ताट वाढलं. मटकीची आमटी, भाकरी, कांदा. तात्या खाली मान घालून जेवले. सगळं खाल्लं, वाटी बोटानं पुसून घेतली. आणि मग त्यांनी तांब्या उचलला आणि ताटातच हात धुतला.

ज्यांच्या घरी रोज असंच करतात त्यांना यात काही वाटणार नाही. आमच्या घरी तात्यांनी हे कधीच केलं नव्हतं. आमटीचा तवंग पाण्यावर आला, त्यात भाकरीचा एक कण फिरत होता. तात्या उठून टॉवेल शोधायला लागले. आईनं ते ताट दोन्ही हातांनी उचललं, सांडू न देता मोरीपर्यंत नेलं आणि ओतून दिलं. त्या दिवशी ती जेवली नाही. मी ताट वाढून तिच्या पुढं ठेवलं तर म्हणाली, "शालीचा डबा भर आधी."

त्या आठवड्यात घरात भांडण झालं नाही. झालं असतं तर बरं झालं असतं असं मला अजून वाटतं. आमच्या गल्लीत नवरा-बायकोची भांडणं उघड्या दारांनी व्हायची, लोक मधे पडायचे, संध्याकाळपर्यंत मिटायचं. हे मिटवायला कुणी येणार नव्हतं, कारण काही बोललंच गेलं नव्हतं. तात्या मार्केटातच वडापाव खाऊ लागले. दवाखान्यात यायचे ते फाटकापर्यंत, मुकादमाला आत पाठवून पोरीचं कसं आहे ते विचारून घ्यायचे. दाजींच्या आई एकदा येऊन गेल्या. ताईच्या पलंगापाशी न बसता उभ्यानंच त्यांनी आईला नखशिखांत न्याहाळलं आणि निघताना दारात म्हणाल्या, "आता रगतच बोलतंय म्हटल्यावर मानसानं काय बोलावं?" आईनं त्यांना वाकून नमस्कार केला. मुलीची सासू ती, तिला नमस्कार करायचा असतो.

ताईला कुणी काही सांगितलं नव्हतं. ती उशीला टेकून पडलेली असायची, हात पोटावर, नखं कागदासारखी. "तात्या का गं येत न्हाईत?" ती मला रोज विचारायची. "मालाची गाडी लागलीय," मी सांगायची. "रोज?" "रोज." मग ती म्हणायची, "माझं रगत जुळंना म्हनून रुसलं असत्याल." असं म्हणून ती हसायची आणि मी पाणी आणायच्या निमित्तानं बाहेर जायची. एका पहाटे पुन्हा थोडं रक्त गेलं. डॉक्टरीणबाई धावत आल्या. थांबलं, पण त्या आईला म्हणाल्या की आता फार वाट बघता येणार नाही. रक्ताशिवाय हात लावला तर टेबलावर जाईल, नाही लावला तर पलंगावर जाईल. आई त्यावर "बरं" म्हणाली. दुसरं काय म्हणणार?

मुंबईहून निकाल आला आणि रक्तपेढीतल्या डॉक्टरांनी आईवडील दोघांनाही बोलावलं. मुकादमानं तात्यांना अक्षरशः हाताला धरून आणलं. मीही आत घुसले. डॉक्टरांच्या टेबलासमोर दोन खुर्च्या होत्या. आई एकीवर बसली, तात्या बसले नाहीत. डॉक्टर चाळिशीच्या, चष्मा केसांवर सरकवलेला, हसऱ्या बाई. त्यांनी पहिलाच प्रश्न विचारला, "तुमचं लग्न नात्यातलं आहे का हो?"

तात्या म्हणाले, "मामाची पोरगी हाय."

"मग बरोबर," त्या म्हणाल्या. "मला वाटलंच."

मग त्यांनी आम्हाला समजेल असं सांगितलं. दारात रांगोळी काढायची तर आधी गेरू सारवावा लागतो. रक्ताचंही तसंच आहे. ए आणि बी ही वरची रांगोळी, आणि तिच्याखाली सगळ्यांच्याच रक्तात एक गेरूचा थर असतो, ओवाल्यांच्याही. तुमच्या मुलीच्या रक्तात तो थरच नाही. त्यामुळं तुमच्याकडून आलेली रांगोळी तिच्यात असूनही उमटत नाही, आणि वरवर बघणाऱ्याला ती ओ वाटते. पण ती ओ नाही. ओ रक्तातला तो गेरूही तिच्या शरीराला परका, म्हणून गुठळ्या. अशी माणसं फार थोडी. आई आणि बाप, दोघांकडूनही तो दोष आला तरच मूल असं होतं, आणि बहुतेकदा तसं होतं ते पिढ्यान्‌पिढ्या नात्यात लग्नं झालेल्या घरात. पहिल्यांदा मुंबईत सापडलं म्हणून त्याला बॉम्बे ब्लड ग्रुप म्हणतात. "तुम्ही दोघं एका रक्ताचे म्हणून ही अशी झाली. तुमच्या दोघांचीच मुलगी आहे, दुसऱ्या कुणाची असती तर असं रक्त झालं नसतं."

त्यांना आमच्या घरातलं काही माहीत नव्हतं. त्या आपलं शास्त्र सांगत होत्या. तात्यांनी टॉवेल तोंडात कोंबला आणि ते रडायला लागले. डॉक्टरांना वाटलं की पोरीच्या काळजीनं रडताहेत, म्हणून त्या धीर द्यायला लागल्या. आई समोरच्या भिंतीकडं बघत होती. तिथं लसीकरणाचं एक चित्र लावलेलं होतं. तिचा चेहरा अजिबात बदलला नाही. मला वाटलं होतं ती सुटकेचा श्वास सोडेल. तिला सोडायचा नव्हताच, ताई कुणाची ते तिला आधीपासूनच माहीत होतं.

डॉक्टर म्हणाल्या की सख्ख्या भावंडांत असं रक्त सापडायची शक्यता सगळ्यांत जास्त. आणि सगळ्यांनी माझ्याकडं बघितलं. माझं रक्त काढलं, तपासलं, आणि ते ताईच्या रक्तात मिसळलं तेव्हा गुठळी झाली नाही. पाण्यात पाणी घालावं तसं गेलं, असं आतल्या बाई म्हणाल्या. मी पलंगावर आडवी झाले, हातात रबराचा चेंडू दाबत राहिले आणि बाटली भरताना बघत राहिले. जिला मी चुगल्या करून मार खायला लावला होता तिच्यासाठी सगळ्या टोळीत मीच एकटी उपयोगाची निघाले, याचा आनंद झाला आणि त्याच क्षणी भीतीही वाटली. कारण मग मलाही कुणाचं चालणार नव्हतं. तात्यांना जगातल्या कुणाचंही रक्त चाललं असतं, आणि त्यांच्या दोन्ही मुलींना जवळजवळ कुणाचंच नाही.

दुसरी बाटली कराडकडच्या एका मास्तरांची. मुंबईच्या रक्तपेढीनं फोन करून त्यांना शोधलं होतं. ते एसटीनं आले, रक्त दिलं, चहा घेता घेता ताईची हकीकत ऐकली आणि "पोरीला पेन्सिली खाऊ देऊ नका, माझ्या बहिणीलाही खोड होती," असं सांगून परत गेले. ऑपरेशन झालं. ताई वाचली, मुलगी झाली. पुन्हा मूल नको असं डॉक्टरांनी बजावलं, आणि दाजींनी ते स्वतःच्या आईच्या विरोधात जाऊनही पाळलं, हे त्यांच्या बाजूनं सांगायला हवं.

मला स्वतःला मुलगा झाला तेव्हा ताई माझ्यासाठी रक्त देऊन माझ्या उशाशी बसली होती. पुढं कोल्हापूर, बेळगाव, रत्नागिरी, कुठून कुठून मला फोन यायचे आणि मी रक्त द्यायला जायची. आता वयामुळं डॉक्टर मला देऊ देत नाहीत. गावाकडं मामाच्या मुलीशी लग्नं अजून होतात. मी पत्रिका आली की फोन करून एकदा रक्त तपासून घ्या म्हणून सांगते, आणि लोकांना वाटतं मी अपशकून करतेय.

त्या वेळी ताई दवाखान्यातून घरी यायच्या आदल्या दिवशी तात्या दुपारी वेळेवर घरी आले. फळांच्या मार्केटातून मोठाली डाळिंबं आणली होती. आंघोळ करून पाटावर बसले. आईनं वाढलं. ते सावकाश जेवले, चतकोर भाकरी ताटात ठेवली, वाटीत आमटी ठेवली, आणि ताट हळूच तिच्याकडं सरकवलं. मी दाराशी डाळिंब सोलत होते.

आई उठली, फळीवरून दुसरं ताट काढलं, पदरानं पुसलं आणि त्यात आपलं वाढून घेतलं.

"चुकलं माझं," तात्या म्हणाले. मी त्यांना हे शब्द उच्चारताना त्याआधी कधी ऐकलं नव्हतं. "पर मी माझंच रगत तपासलं गं. तुला काय बोललो का?"

"बोलला असतासा तर बरं झालं असतं. सांगितलं असतं म्या."

"आता तर समदं कळलं न्हवं? डॉक्टरनंच सांगितलं."

आईनं घास मोडला, आमटीत बुडवला आणि हातातच धरून ठेवला. "व्हय. डॉक्टरनं सांगितलं," ती म्हणाली. "आन् नसतं सांगितलं, तर?"

आईनं त्यांना वेळ दिला. घास हातात धरून ती थांबली होती. मग तिनं तो खाल्ला.

त्यानंतर ती दोघं पुष्कळ वर्षं जगली. आई त्यांच्याशी बोलत होती, त्यांचं सगळं करत होती, त्यांच्या पाठीला तेल लावत होती. तिऱ्हाईताला त्या घरात काही बिघडलंय असं कधी वाटलं नसतं. ओढ्यात ढकलल्याची गोष्ट मात्र तिनं पुन्हा कधी सांगितली नाही, ताईची मुलगी हट्ट करायची तेव्हा म्हणायची, "इसरले मी." आणि तात्या रोज, दोन्ही वेळेला, ताटात चतकोर भाकरी ठेवून उठायचे. आई ती गल्लीतल्या कुत्र्याला घालायची. शेवटच्या दुखण्यात तात्यांना नुसती पेज चालायची, मी चमच्यानं भरवायची. वाटीत दोन चमचे उरले की ते तोंड मिटून घ्यायचे आणि डोळ्यांनी आईकडं खुणावायचे. आई यायची, त्यांचं तोंड ओल्या फडक्यानं पुसायची, आणि वाटी विसळायला घेऊन जायची.

तेराव्याचे पाहुणे गेल्यावर मी मोरीत डोकावले तर ती भांडी घासत बसली होती. कॉलेजात असताना मी जिच्यावर वेगळ्या ताटासाठी चिडले होते, ती आता साठीच्या पुढं गेलेली, पांढऱ्या कपाळाची बाई. मी म्हटलं, आई, ऊठ, मी घासते. "ऱ्हाऊ दे," ती म्हणाली. "आता एक ताट कमीच झालंया." तिच्या हातात तात्यांचं ताट होतं. ते कधीच स्वच्छ झालं होतं, पण ती राखेचा हात त्यावरून पुन्हा पुन्हा फिरवत होती.